प्लॅटफॉर्म बदलताना ऑनलाइन दुकानाची थीम कशी निवडावी

ऑनलाइन दुकान एका प्लॅटफॉर्मवरून (दुकान चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) दुसऱ्यावर न्यायचे ठरले की बहुतेक दुकानदार सर्वप्रथम नव्या प्लॅटफॉर्मचे थीम स्टोअर, म्हणजे दुकानाच्या दिसण्याचे तयार साचे मिळण्याची जागा, उघडतात, डोळ्यांत भरेल असा एखादा डेमो (नमुना दुकान) पसंत करतात, त्याचे पैसे भरतात आणि मग आपला माल त्यात बसवायला घेतात. ठाण्यात राम मारुती रोडवर साड्यांचे दुकान असलेले व्यापारी असोत, नेरूळमध्ये घरून आगरी मसाला विकणाऱ्या गृहउद्योजिका असोत किंवा वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखानदार असोत, हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो. माझ्या मते तो उलटा आहे. डेमोमधील छायाचित्रे व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेली असतात, वस्तूंची नावे दोन शब्दांची असतात, प्रत्येक वस्तू चार रंगांत संपते आणि किमतीखाली एमआरपीची किंवा निव्वळ वजनाची ओळ नसते. आपले दुकान तसे नसते. म्हणून थीम निवडायची ती आपल्या मालावरून, आणि त्यातही ज्या वस्तूची मांडणी सर्वांत अवघड जाते तिच्यावरून. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

## थीमच्या हातात काय असते आणि काय नसते

जुन्या दुकानाची थीम नव्या प्लॅटफॉर्मवर आणता येत नाही, हे आधीच मान्य करून टाकावे. वूकॉमर्स, शॉपिफाय आणि मॅजेन्टो हे प्लॅटफॉर्म उदाहरणादाखल घेऊ. वूकॉमर्स वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि त्याच्या थीम पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या असतात, शॉपिफायच्या थीम लिक्विड या त्यांच्या स्वतःच्या टेम्प्लेट भाषेत असतात, आणि मॅजेन्टोची रचना या दोहोंपेक्षा निराळी आहे. उत्पादने, ग्राहक आणि ऑर्डरी यांची माहिती सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमधून किंवा स्थलांतराच्या ॲपमधून पुढे जाते. दिसण्याचा भाग मात्र नव्याने उभारावा लागतो. मॅजेन्टो 1 ला मिळणारा अधिकृत आधार जून 2020 मध्ये संपला, तेव्हा त्याच कंपनीच्या मॅजेन्टो 2 वर जाणाऱ्यांनासुद्धा थीम पुन्हा करून घ्यावी लागली होती.

थीमचा अधिकार कुठवर चालतो, हेही प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळे असते. वूकॉमर्समध्ये कार्ट आणि चेकआउटची (पत्ता व पैसे भरण्याची) पानेदेखील थीमच्या किंवा प्लगइनच्या (वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने बरीच बदलता येतात. शॉपिफायवर चेकआउट हा प्लॅटफॉर्मचा स्वतःचा भाग आहे. तेथे लोगो, रंग आणि अक्षरे बदलता येतात, परंतु पत्ता, शिपिंग आणि पेमेंटच्या पायऱ्यांत सखोल बदल करण्याची मुभा प्लस या वरच्या योजनेपुरती आहे. जुन्या दुकानात चेकआउटवर ‘भेटवस्तूवर कोणता मजकूर लिहायचा’ असा रकाना असेल, तर शॉपिफायवर तो साधारणपणे कार्टमध्ये किंवा उत्पादनाच्या पानावर आणावा लागेल, आणि त्यासाठी थीममध्ये जागा आहे का हे निवडीपूर्वीच पाहावे लागेल.

शॉपिफायच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. जून 2021 मध्ये ‘ऑनलाइन स्टोअर 2.0’ ही रचना आणि तिच्यासोबत ‘डॉन’ ही मोफत थीम आली. त्यापूर्वीच्या थीममध्ये मजकुराचे विभाग हवे तसे जोडण्याची आणि हलवण्याची सोय मुख्यतः होमपेजपुरती होती. नव्या रचनेत ती उत्पादन, कलेक्शन (एका गटातील वस्तूंची यादी) आणि इतर पानांवरही मिळते. बाहेरून स्वस्तात मिळणाऱ्या काही थीम अजून जुन्या रचनेच्या असतात, त्या घेऊ नयेत. वर्डप्रेसवरही असाच एक सांधा आहे: जानेवारी 2022 मधील 5.9 या आवृत्तीपासून संपूर्ण साइट ब्लॉकनी (मजकूर-चित्रांच्या सुट्या तुकड्यांनी) रचता येते, तर त्याआधीच्या पद्धतीच्या थीम कस्टमायझर (वर्डप्रेसमधील दिसण्याच्या सेटिंगचा पडदा) आणि पेज बिल्डर (पाने जुळवण्याचे प्लगइन) यांवर अवलंबून असतात. दोन्ही पद्धती चालतात, परंतु उद्या दुकानातला माणूस स्वतः बॅनर बदलणार आहे की प्रत्येक वेळी डेव्हलपरला फोन करावा लागणार आहे, हे या निवडीवर बरेच अवलंबून असते.

## जुन्या दुकानाची मोजदाद

थीम पाहण्याआधी एक साधी एक्सेल शीट करावी. तिच्यात जुन्या दुकानातील प्रत्येक सोय एका ओळीत लिहावी: साइझ चार्ट, रंगांचे ठिपके, पिनकोड तपासण्याचा रकाना, व्हॉट्सॲपचे बटण, ग्राहकांचे अभिप्राय, घाऊक दर, ‘दुकानातून घेऊन जाईन’ हा पर्याय. प्रत्येकीपुढे लिहावे की ती आज कोण पुरवते: प्लॅटफॉर्म, थीम की प्लगइन. त्यापुढच्या रकान्यात ती नव्या ठिकाणी कोण पुरवेल ते लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते केले की थीमच्या जाहिरातीत दिलेल्या शंभर वैशिष्ट्यांपैकी आपल्या कामाची किती, हे लगेच समजते.

या मोजदादीत एक तत्त्व कटाक्षाने पाळावे. जी गोष्ट माहिती आहे ती थीममध्ये साठवू नये; थीमने ती केवळ दाखवावी. पैठणीची धुण्याची सूचना, मसाल्याचे घटक, पंपाचा दाब ही माहिती शॉपिफायवर मेटाफील्डमध्ये (उत्पादनाच्या जादा माहितीच्या रकान्यांत) आणि वूकॉमर्सवर उत्पादनाच्या गुणधर्मांत किंवा कस्टम फील्डमध्ये ठेवावी. जुन्या दुकानातील वर्णने पेज बिल्डरमध्ये लिहिलेली असतील, तर निर्यात केल्यावर त्यांत चौकटी कंसांतले शॉर्टकोड (पेज बिल्डरच्या सांकेतिक खुणा) तसेच उरतात आणि नव्या दुकानात ग्राहकाला वर्णनाऐवजी तेच दिसतात. अशा वर्णनांची साफसफाई थीम निवडण्यापूर्वी करावी, कारण साफ केल्यावरच कळते की आपल्याला टॅब लागणार आहेत, उघडमीट होणाऱ्या पट्ट्या लागणार आहेत की साधा परिच्छेद पुरे आहे.

गूगलच्या सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्स या आकडेवारी देणाऱ्या साधनांमधून कोणत्या पानांवर लोक येतात आणि कोणत्या पानांवरून खरेदी होते हेही काढून ठेवावे. अनेक दुकानांत बहुतेक ग्राहक होमपेजवर येतच नाहीत. ते गूगलवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट उत्पादनाच्या पानावर उतरतात. तरीही थीम निवडताना सगळी चर्चा होमपेजच्या बॅनरवर होते. आपल्या आकड्यांत असेच दिसत असेल, तर डेमो पाहताना होमपेज सोडून थेट उत्पादनाचे आणि कलेक्शनचे पान उघडावे.

## मालाचा स्वभाव ओळखावा

वीस-पंचवीस वस्तू विकणाऱ्या दुकानाला आणि दोन हजार वस्तू विकणाऱ्या दुकानाला एकच थीम क्वचितच शोभते. घरगुती मसाल्यांच्या दुकानात वस्तू थोड्या असतात आणि प्रत्येकीमागे काही सांगण्यासारखे असते: मिरची कोणती, डंकावर कुटली की गिरणीत दळली, किती महिने टिकते. तेथे उत्पादनाच्या पानावर मजकूर आणि छायाचित्रे यांचे विभाग मोकळेपणाने जोडता येतील अशी थीम हवी. महापे किंवा वागळे इस्टेटमधून सुटे भाग विकणाऱ्याला मात्र शोध, फिल्टर आणि कोडनुसार यादी लागते. त्याचा ग्राहक भागाचा क्रमांक घेऊन येतो आणि एकाच वेळी दहा भाग नगांसह मागवतो. मोठ्या छायाचित्रांची, संथ सरकणारी थीम त्या ग्राहकाला अडवते. यादीतूनच नग भरून कार्टमध्ये टाकता येणारी सोय काही थीममध्ये अंगभूत असते, आणि अशा दुकानाने पहिली गाळणी तिचीच लावावी.

प्रकार आणि वजने यांचाही हिशेब करावा. शॉपिफायवर एका उत्पादनाला जास्तीत जास्त तीन पर्याय देता येतात. मसाल्याला वजन, तिखटपणा आणि पॅकिंग असे तीन पर्याय सहज होतात. ‘कांदा-लसूण घालून किंवा न घालता’ असा चौथा आला की वेगळे उत्पादन करणे भाग पडते, आणि मग ही दोन उत्पादने एकमेकांशेजारी दाखवणारा विभाग थीममध्ये आहे का, असा नवा प्रश्न उभा राहतो. वूकॉमर्समध्ये अशी तिनाची मर्यादा नसते, त्यामुळे तेथून येणाऱ्यांची येथे हमखास अडचण होते.

स्टेशनजवळ प्रत्यक्ष दुकान असलेल्यांनी ‘दुकानातून घेऊन जा’ या सोयीकडे विशेष लक्ष द्यावे. नौपाड्यात किंवा वाशी सेक्टर 17 मध्ये संध्याकाळी घरी जाताना माल उचलणारा ग्राहक कुरिअरची वाट पाहू इच्छित नाही. शॉपिफायच्या डॉनसारख्या थीममध्ये उत्पादनाच्या पानावरच कोणत्या दुकानात माल उपलब्ध आहे हे दाखवता येते. काही महागड्या थीममध्ये ते दिसत नाही. पिनकोड टाकून पोहोचण्याचा दिवस पाहण्याची सोय मात्र साधारणपणे ॲपमधून येते, आणि त्या ॲपचा रकाना थीममध्ये ‘कार्टमध्ये टाका’ या बटणाच्या वर बसतो की खाली ढकलला जातो, एवढे पाहून घ्यावे.

## सर्वांत अवघड वस्तूची परीक्षा

आता निवड दोन किंवा तीन थीमपर्यंत आणावी आणि प्रत्येकीत आपली एकच वस्तू पूर्ण भरावी. ती वस्तू सर्वांत सुंदर नव्हे, सर्वांत अडचणीची असावी. शॉपिफायच्या थीम स्टोअरमधील सशुल्क थीम आपल्या दुकानात जोडून, आपला माल भरून पाहता येते आणि पैसे प्रकाशित करतानाच द्यावे लागतात. म्हणजे ही परीक्षा फुकट होते आणि तरीही ती फार थोडे लोक करतात.

पैठणीचे उदाहरण घेऊ. साडीचे छायाचित्र उभे असते. पदरावरचे मोर खालच्या बाजूला आणि काठ डाव्या-उजव्या कडेला येतात. डेमोमध्ये बूट किंवा मेणबत्त्या असल्यामुळे चौकट चौरस ठेवलेली असते. तेच छायाचित्र त्या चौकटीत टाकले की वरून आणि खालून ते छाटले जाते. राहतो तो मधला, जवळजवळ एकरंगी भाग, आणि ज्या पदरासाठी ग्राहक पैसे देणार आहे तोच यादीत दिसत नाही. अशा वेळी थीमच्या सेटिंगमध्ये छायाचित्राचे प्रमाण ‘उभे’ किंवा ‘मूळ छायाचित्राप्रमाणे’ करता येते का ते पाहावे. करता येत असेल तर पुढे आणखी एक गोष्ट तपासावी: मूळ प्रमाण ठेवल्यावर शेजारच्या दोन साड्यांची उंची कमीजास्त होऊन किमतींच्या ओळी वरखाली होतात का. होत असतील, तर एक तर सर्व छायाचित्रे एकाच प्रमाणात कापून घ्यावी लागतील किंवा थीम बदलावी लागेल. माल जास्त असेल तर थीम बदलणे स्वस्त पडते.

नंतर नाव. ‘हातमाग येवला पैठणी, मोर-पोपट पदर, आमसुली रंग, ब्लाउज पीससह’ असे नाव मोबाइलवर दोन रकान्यांच्या मांडणीत चार ओळी घेते. काही थीम ते पूर्ण दाखवतात, काही दोन ओळींनंतर तीन टिंबे देतात. टिंबे आली तर ‘आमसुली’ हा शब्दच गायब होतो आणि चार साड्या एकाच नावाच्या दिसतात. रंग नावाच्या सुरुवातीला घेणे हा एक उपाय आहे, परंतु शेकडो नावे बदलण्यापेक्षा नाव पूर्ण दाखवणारी थीम घेणे बरे.

याच परीक्षेत माल संपलेली एक वस्तू, सवलतीतली एक वस्तू आणि एकच छायाचित्र असलेली एक वस्तूही टाकावी. सवलतीची किंमत आणि मूळ किंमत शेजारी नीट वाचता येते का, संपलेल्या मालाचे बटण काय म्हणते, छायाचित्र एकच असताना उजवीकडे रिकामी पांढरी जागा राहते का, हे डेमोमध्ये कधीच दिसत नाही.

## देवनागरी अक्षरांसाठी थीम तपासणे

या विषयावर मी थोडे अधिक लिहीत आहे, कारण दुकानाचा मजकूर मराठीत ठेवू पाहणाऱ्यांचा उत्साह बहुधा येथेच ओसरतो, आणि तसे होण्याचे खरे तर काही कारण नाही. बहुतेक थीम लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. त्यांत देवनागरी बसते, पण चार ठिकाणी बिघडते.

पहिले ठिकाण म्हणजे अक्षरांमधील अंतर. आधुनिक दिसावे म्हणून अनेक थीम शीर्षकांतील आणि बटणांवरील अक्षरे विरळ ठेवतात. इंग्रजीत ते चांगले दिसते. मराठीत शिरोरेषा तुटते आणि ‘खरेदी करा’ हे शब्द सुट्या तुकड्यांचे होतात. सेटिंगमध्ये हे अंतर शून्य करता येत नसेल, तर कस्टम सीएसएसमध्ये (दिसण्याचे नियम लिहिण्याच्या कोडमध्ये) एका ओळीने ते करता येते, परंतु ती ओळ लिहिण्याची जागा थीममध्ये आहे ना, हे पाहावे. दुसरे ठिकाण ओळींमधील उंचीचे. शीर्षकांना घट्ट ओळउंची दिलेली असते, त्यामुळे ‘मौल्यवान’, ‘कैरी’, ‘कुंकू’, ‘र्‍हस्व’ अशा शब्दांतील वरच्या मात्रा आणि खालचे उकार शेजारच्या ओळीला टेकतात किंवा बटणाच्या कडेला कापले जातात. मराठीसाठी ओळउंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा किंचित अधिक ठेवली की वाचन सुखावह होते.

तिसरी गोष्ट फॉन्टची. थीममध्ये निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर फोनमधला फॉन्ट उचलतो आणि प्रत्येक फोनवर दुकान वेगळे दिसते. ‘मुक्त’ (Mukta), नोटो सान्स देवनागरी, हिंद, पॉपिन्स या फॉन्टमध्ये देवनागरी आणि लॅटिन दोन्ही मिळतात, किंवा निदान दोघांचे वजन (अक्षरांची जाडी) जुळवता येते. ते मोफत आहेत आणि थीमच्या यादीत नसले तरी फाइल चढवून वापरता येतात. मात्र एका फॉन्टची सहा वजने चढवू नयेत. देवनागरीच्या फाइली जोडाक्षरांमुळे मोठ्या असतात, साधे आणि ठळक अशी दोन पुरे होतात. फॉन्टची परीक्षा घेण्यासाठी ‘वऱ्हाडी’, ‘ॲल्युमिनियम’, ‘उत्कृष्ट’, ‘द्वितीय’ हे शब्द आणि रुपयाचे चिन्ह लिहून पाहावे. रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे काही जुन्या सजावटी फॉन्टमध्ये ते नसते आणि किमतीपुढे रिकामी चौकट येते. तसेच पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असावी. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे ती नोंद असेल तरच दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात.

चौथे ठिकाण थीमच्या स्वतःच्या शब्दांचे. ‘कार्टमध्ये टाका’, ‘माल संपला’, ‘आणखी पाहा’ हे शब्द थीमच्या भाषा फाइलमध्ये असतात. वूकॉमर्सचा पुष्कळसा मजकूर मराठीत उपलब्ध आहे. शॉपिफायच्या थीममध्ये मराठी तयार मिळेलच असे नाही, परंतु भाषेच्या संपादकातून प्रत्येक शब्द भरता येतो. काही थीममध्ये थोडे शब्द थेट कोडमध्ये घातलेले असतात आणि ते संपादकात सापडत नाहीत. चाचणीत असे दोन-तीन शब्द आढळले तर थीम बनवणाऱ्याला लिहावे. उत्तर किती दिवसांत आणि कसे येते, यावरून पुढे मिळणाऱ्या आधाराचाही अंदाज येतो. नवी मुंबईत ग्राहक मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशा अनेक भाषांचे आहेत. तेथे मराठी आणि इंग्रजी असे दोन पर्याय ठेवायचे असतील, तर भाषा बदलण्याचे बटण मोबाइलवर मेन्यूच्या पहिल्या पडद्यावर असावे, तळाशी नव्हे.

## मोबाइल आणि वेग

थीम संगणकावर निवडली जाते आणि फोनवर वापरली जाते. म्हणून अंतिम दोन थीमची तुलना मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर करावी, ऑफिसच्या वायफायवर नव्हे. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कार्टपर्यंत जाता येते का, ही परीक्षा कोणत्याही अहवालाइतकीच उपयोगी आहे: फिल्टरचे बटण अंगठ्याला पोहोचते का, पान खाली सरकवल्यावर खरेदीचे बटण पडद्यावर राहते का, पॉपअप बंद करण्याची फुली सापडते का.

आकड्यांत बोलायचे तर गूगलचे तीन निकष ध्यानात ठेवावेत. पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला पानाने 200 मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा आणि मांडणी हलण्याचा गुणांक 0.1 पेक्षा जास्त नसावा. यांतील दुसरा निकष मार्च 2024 मध्ये जुन्या निकषाच्या जागी आला, त्यामुळे त्यापूर्वी लिहिलेल्या थीमच्या जाहिरातींतील वेगाच्या दाव्यांवर विसंबू नये. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात डेमोच्या उत्पादन पानाचा पत्ता टाकावा, आणि शक्य असल्यास तीच थीम वापरणाऱ्या चालत्या दुकानाचाही टाकावा. डेमो चपळ आणि दुकान मंद असेल तर दोष बहुधा ॲप आणि छायाचित्रांचा असतो. डेमोच मंद असेल तर आपल्या हातात फारसे काही उरत नाही.

होमपेजवर पाच चित्रांचा सरकता बॅनर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्यानंतरची चित्रे फार कमी लोक पाहतात, पान जड होते, आणि बॅनरच्या चित्रातच लिहिलेली मराठी अक्षरे फोनवर वाचता येत नाहीत. एक चित्र आणि त्यावर खरा, निवडता येणारा मजकूर ठेवणारी थीम घ्यावी.

## कायद्याने दाखवायची माहिती आणि थीममधील सापळे

परदेशी थीम भारतीय कायद्याचा विचार करून रचलेल्या नसतात, त्यामुळे ही जागा आपणच शोधावी लागते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे दिसले पाहिजे. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. याकरिता पानाच्या तळपट्टीत किमान चार रकाने असणारी थीम सोयीची पडते. आवेष्टित (पॅक केलेल्या) वस्तूंसाठी वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार एमआरपी, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मूळ देश हे उत्पादनाच्या पानावर हवे. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांकही तेथेच द्यावा. ही सर्व माहिती मेटाफील्डमध्ये भरून किमतीखाली एका छोट्या तक्त्यात दाखवता येते का, हे चाचणीच्या वस्तूवर करून पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की काही थीममध्ये विक्री वाढवण्याच्या नावाखाली दिशाभूल करणारे विभाग अंगभूत असतात: पान नव्याने उघडले की पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू होणारे घड्याळ, ‘आता 23 जण हे पाहत आहेत’ असा यादृच्छिक आकडा, ‘फक्त 2 शिल्लक’ ही मालाशी न जोडलेली पाटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयी) मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 13 प्रकार नमूद केले, खोटी घाई आणि ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणे हे दोन्ही त्यांत आहेत. आधीच खूण केलेली संमतीची चौकट 2020 च्या नियमांनीच अमान्य केली आहे. थीममधील असे विभाग बंद करता येतात, आणि ते पहिल्याच दिवशी बंद करावेत. नौपाड्यात किंवा नेरूळमध्ये ज्या ग्राहकाला आपण नावाने ओळखतो, त्याच्यासमोर वेबसाइटवर खोटा आकडा ठेवणे मला कोणत्याही हिशेबाने योग्य वाटत नाही.

## जुन्या ग्राहकाला वाट सापडावी

प्लॅटफॉर्म बदलला की पानांचे वेब पत्ते बदलतात. वूकॉमर्समध्ये उत्पादनाच्या पत्त्यात सहसा ‘प्रॉडक्ट’ हा शब्द असतो, शॉपिफायमध्ये ‘प्रॉडक्ट्स’. एवढ्या एका अक्षराच्या फरकाने गूगलमधला आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा प्रत्येक दुवा तुटतो. वर्गांच्या पानांचेही तसेच होते. जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्यांची फाइल करून 301 प्रकारचे रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचे नव्या पत्त्यावर नेणारे निर्देश) टाकावेत. पत्ते देवनागरीत असतील तर ते फाइलमध्ये टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेल्या सांकेतिक रूपात येतात. अशा काही पत्त्यांची चाचणी हाताने करावी.

याचा थीमशी संबंध असा की मेन्यूची रचना थीमच्या सोयीनुसार बदलू नये. जुन्या दुकानात ‘पैठणी’, ‘नारायणपेठ’, ‘इरकल’ असा क्रम असेल तर तोच ठेवावा, आणि तीन पातळ्यांचा मेन्यू असेल तर तीन पातळ्या फोनवर उघडणारी थीम घ्यावी. लोगो आणि मुख्य रंग तेच राहू द्यावेत. नवा प्लॅटफॉर्म, नवे डोमेन, नवी नावे आणि नवी छायाचित्रे हे सारे एकदम बदलले, तर विक्री घटल्यास कारण कोणते हे शोधता येत नाही.

## खरेदी, परवाना आणि हक्क

मोफत अधिकृत थीम परीक्षेत उतरली तर सशुल्क घेण्याचे कारण नाही. बहुतेक लहान दुकानांचे काम तिच्यात भागते. सशुल्क घ्यायचीच असेल तर शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहावे आणि कमी गुणांचे अभिप्राय आधी वाचावेत. शॉपिफायच्या थीमचा परवाना एका दुकानापुरता असतो. खरेदी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर करावी. डेव्हलपरच्या खात्यातून घेतलेली थीम त्याच्याशी संबंध संपल्यावर आधाराविना उरते. परवाना फोडून फुकट वाटल्या जाणाऱ्या ‘नल्ड’ थीममध्ये छुपा घातक कोड असू शकतो, त्यांना हात लावू नये. वर्डप्रेसवर बदल नेहमी चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्ये) करावेत, म्हणजे मूळ थीमची सुधारणा आल्यावर ते पुसले जात नाहीत. शॉपिफायवर कोडमध्ये जितके बदल करावेत तितके पुढील आवृत्तीवर जाणे अवघड होते. म्हणून ज्या थीमला आपल्या कामासाठी कमीत कमी कोड लागतो ती, थोडी कमी देखणी असली तरी, निवडावी.

## रंगीत तालीम आणि प्रारंभ

तारीख ठरवताना सणांचे गणित पाहावे. पितृपक्षात साड्या-दागिन्यांची विक्री मंदावते म्हणून तोच पंधरवडा साधण्याचा मोह होतो. परंतु लगेच घटस्थापना येते आणि बिघाड दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. साडीविक्रेत्याला दिवाळीनंतरचे काही आठवडे बरे, पण लग्नसराईचा भर टाळून. मसाल्याच्या दुकानाने मार्च ते मे हा वर्षभराचे मसाले भरण्याचा काळ सोडून पावसाळा निवडावा.

प्रारंभापूर्वी नव्या दुकानाचा पूर्वदर्शनाचा दुवा पाच-सहा जुन्या ग्राहकांना पाठवावा आणि ‘कसे वाटते?’ असे न विचारता काम द्यावे: ‘अर्धा किलो मध्यम तिखट मसाला ऐरोलीच्या पत्त्यावर मागवून दाखवा’. ते कुठे थांबतात, काय शोधतात, हे शेजारी बसून पाहता आले तर उत्तम. त्यांपैकी एक तरी व्यक्ती साठीच्या पुढची आणि फोनची अक्षरे मोठी करून वापरणारी असावी. अक्षरे मोठी केल्यावर बटणे एकमेकांवर चढतात का, हे तेव्हाच दिसते. यूपीआय, कार्ड आणि कॅश ऑन डिलिव्हरी या तिन्ही मार्गांनी खऱ्या ऑर्डरी टाकून, पावतीच्या ईमेलमधील मराठी नीट येते का तेही पाहावे.

डोमेन वळवण्याआधी एक-दोन दिवस डीएनएसमधील (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे याच्या नोंदीतील) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र साठून राहण्याचा काळ, कमी करून ठेवावा आणि वळवण्याचे काम मंगळवार-बुधवारच्या सकाळी करावे, म्हणजे काही अडले तर डेव्हलपर आणि पेमेंट कंपनी दोघेही फोनवर मिळतात. पहिल्या काही आठवड्यांत सर्च कन्सोलमध्ये न सापडलेल्या पानांची यादी रोज पाहून राहिलेले रिडायरेक्ट भरावेत. ते किमान एक वर्ष चालू ठेवावेत, अशी गूगलची शिफारस आहे. थीममध्ये पुढे जो बदल करायचा तो चालू थीमची प्रत काढून त्या प्रतीत करावा, एका वेळी एकच करावा आणि तारखेसह त्याच एक्सेल शीटमध्ये नोंदवावा, म्हणजे ऑर्डरींचा आकडा हलला तर कोणता बदल मागे घ्यायचा हे शोधावे लागत नाही.